नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता असेल, तर रक्त तपासून का कळत नाही? आणि नवीन औषधं कुठवर आली?

तपासणीचं आधी उरकतो. सेरोटोनिन म्हणजे पेशी-पेशींत निरोप पोचवणारं रसायन. शरीरातलं जवळजवळ ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं आणि रक्तातलं मेंदूत शिरत नाही. रक्त काढून काय कळणार? पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, ‘मोठा भाऊ म्हणतो हे सगळे मनाचे खेळ आहेत’, त्यावरून आमचे काका आठवले. म्हणून बसलो लिहायला.

माझे बाबा घड्याळजी. १९८६ च्या सुमारास त्यांना बीपी निघालं, डॉक्टरांनी रेसर्पीन सुरू केलं. हे आपल्या सर्पगंधेच्या मुळातलं. सर्पगंधा बीपीवर चालते हे मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि मुळी जगभर गेली. बाबांचं बीपी उतरलं, पाठोपाठ बाबाही उतरले. डोळ्याला भिंग लावून दुकानात बसायचे आणि भिंगाखाली घड्याळच नसायचं. गिऱ्हाईक दोन हाका मारून निघून जायचं. काका म्हणाले, “दादाला शेतावर धाडा, चार ढेकळं फोडली की येईल ताळ्यावर.” धाडलं. तिथे बांधावर बसून राहिले.

आठ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी बदलली. त्यानंतर दीडएक महिन्याने एका दुपारी बाबा म्हणाले, “आमटीत मीठ नाही.” आई आत जाऊन रडली. इतक्या दिवसांत त्यांनी कशालाच नाव ठेवलं नव्हतं.

पुढे वाचताना कळलं, मेंदूतल्या ‘केमिकल’चा सगळा सिद्धांत अशाच पेशंटांवरून निघालाय. रेसर्पीन पेशींमधला सेरोटोनिन आणि तसंच दुसरं निरोप्या रसायन नॉरॲड्रेनलिन, यांचा साठा रिकामा करतं. उलट १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर टीबीच्या पेशंटांना इप्रोनियाझिड दिलं तर ते उल्हसित झाले. ते औषध हीच द्रव्यं मोडू देत नाही. झालं, दोन टोकं जुळली! पण एसएसआरआय, म्हणजे नैराश्यावरच्या आजच्या नेहमीच्या गोळ्या, सेरोटोनिन काही तासांत वाढवतात आणि माणूस सुधारायला दोन ते चार आठवडे जातात. मधल्या काळात मेंदूतल्या जोडण्या नव्याने बसत असाव्यात, असा एक अंदाज आहे. २०२२ मध्ये तर जुने अभ्यास एकत्र तपासून काही संशोधकांनी म्हटलं, नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला सुसंगत पुरावा नाही.

काकांनी मला ती बातमी लगेच फॉरवर्ड केली. खाली ‘बघ, थोतांड!’. बाबा सांगायचे, तेलाचा थेंब टाकून घड्याळ चाललं तरी बिघाड तेलाचाच होता असं धरू नये. म्हणून काय तेल फेकून द्यायचं?

हे मी हवेत बोलत नाही. २०१५ मध्ये मी स्वतः एसिटालोप्राम ही एसएसआरआय गोळी घेतली. पहिला आठवडा नुसती मळमळ, पाचव्या आठवड्यात पुन्हा पहाटे फिरायला जाऊ लागलो. तेव्हाही काका होतेच, “बापाचं गोळीनेच झालं ना? मग तू कशाला खातोस?” अहो, एका गोळीने माणूस बसतो नि दुसरीने उठतो, याचाच अर्थ हे नुसते मनाचे खेळ नाहीत!

नवीन औषधांचं थोडक्यात. भुलीचं केटामाइन ग्लुटामेट या मेंदूतल्या वेगळ्याच निरोप्या रसायनाच्या वाटेने काम करतं, काही जणांना तासाभरात-दिवसाभरात फरक पडतो. त्याचाच भाऊबंद एस्केटामाइन, नाकात मारायचा स्प्रे, अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाला. मारल्यावर दोन तास दवाखान्यातच बसावं लागतं. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर २०२३ मध्ये झुरानोलोन आलं, १४ दिवसांचा कोर्स. सगळ्यांना लागू पडेल असं अजून काहीच नाही.

आणि हो, रेसर्पीनमुळे नैराश्य येतं हेही आता सगळे मानत नाहीत. बाबांचं कारण वेगळंही असेल. मी डॉक्टर नाही, चालू गोळी माझं वाचून तोडू नका.

भावाला फक्त विचारा, बीपीची गोळी घेतो का. आमचे काका ऐंशीच्या पुढे आहेत. रोज साडेसातला, चहाच्या आधी घेतात. पाकीट संपलं तर शेजारच्या पोराला पावसातही मेडिकलमध्ये पिटाळतात.