लातुरात बसून उदगीरचा राउटर सेट करताना

भाऊ, लांबचा राउटर (इंटरनेट वाटून देणारं यंत्र) इथूनच सेट करायला शिकताना सगळ्या कमांड, म्हणजे त्याला टाइप करून द्यायचे हुकूम, पाठ कराव्या का, असं विचारलंत. पाठ करायच्या मागं लागू नका. कागदावर लिहून समोर ठेवल्या की झालं. सुरुवातीला सांभाळायचं ते वेगळंच.

लांबून राउटरमध्ये शिरायच्या दोन वाटा, टेलनेट आणि एसएसएच. टेलनेट नको, त्यात पासवर्ड उघडाच जातो, एसएसएच वापरा. राउटरसोबत कंपनीकडून आलेला 'अ‍ॅडमिन' पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, आणि नवा दुकानाच्या भिंतीवर चिकटवू नका (आपल्याकडं हमखास चिकटवतात).

नवखे अडकतात ते इथं: ज्या वाटेनं आत आले तीच बंद करून बसतात. आयपी (राउटरचा नेटवर्कवरचा पत्ता) बदलला, फायरवॉलचा (कुणाला आत सोडायचं ते ठरवणाऱ्या पहाऱ्याचा) नियम टाकला, एंटर दाबलं, कनेक्शन गेलं. मग पकडा उदगीरची एसटी! सिस्को कंपनीचा राउटर असेल तर काम सुरू करायच्या आधी 'रीलोड इन १०' द्या. चुकलात तर १० मिनिटांनी तो आपोआप रीस्टार्ट होतो आणि सेव्ह न केलेला बदल पुसला जातो. सगळं नीट चाललं तर 'रीलोड कॅन्सल', आणि मगच सेव्ह. सेव्ह विसरलात तर लाइट गेली की मेहनतही गेली. आणि लाइट जाणारच.

एका वेळी एकच बदल करा. तिकडं फोन उचलणारं कुणीतरी असू द्या. व्हीपीएनचं (इंटरनेटवरून जाणाऱ्या खाजगी वाटेचं) नंतर बघू.