खुलासा मागे का राहतो?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘उद्यापासून तीन दिवस पाणी येणार नाही’ असा निरोप दुपारी आला आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन चाळींतही पिंपे भरून झाली. निरोप खोटा होता. सचिवांनी लगेच खुलासा टाकला, पण तो अनेकांपर्यंत पोहोचलाच नाही. या प्रसाराचे गणित कसे मांडतात? आणि २६ जुलै २००५ सारख्या दिवशी टॉवर बंद पडले, तर फोनवरून फोनवर निरोप जाऊ शकेल का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : या गणिताचे मूळ साथीच्या रोगांत आहे. रोग होऊ शकणारे, तो पसरवणारे आणि त्यातून बाहेर पडलेले असे लोकसंख्येचे तीन भाग करून कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ मध्ये समीकरणे मांडली, आणि ती ताडून पाहायला त्यांनी घेतलेले आकडे मुंबईतलेच होते : १९०५-०६ मधील प्लेगच्या मृत्यूंचे.

अफवा मात्र रोगासारखी संपत नाही. रोगी काही काळाने आपोआप बरा होतो. अफवा सांगणारा थांबतो तो समोरच्याने ‘अहो, मला सकाळीच कळलंय’ असे म्हटल्यावर. डेली आणि केंडल यांनी १९६४ मध्ये हाच फरक गणितात आणला. सगळे सगळ्यांना सारख्याच शक्यतेने भेटतात असे धरले, तर सांगणारे थकेपर्यंत सुमारे २० टक्के लोकांच्या कानावर बातमी गेलेलीच नसते. भेटी दुप्पट वेगाने झाल्या तर वेळ निम्मा लागतो, उरणारे तेवढेच राहतात.

आता तुमचा खुलासा घ्या. तोही याच नियमाने, पण अफवेशी संबंध न ठेवता पसरला असे समजू. शंभरांपैकी ऐंशी जणांनी अफवा ऐकली असेल, तर त्यांतल्या सुमारे सोळांना खुलासा कळणारच नाही. प्रत्यक्षात खुलासा पुढे धाडण्याचा उत्साह कमीच असतो, त्यामुळे माझ्या मते सोळा हा आकडा उदारच आहे. सचिवांनी जिन्यातल्या फळ्यावर चार ओळी लिहिणे अधिक उपयोगी ठरले असते, कारण फळा ‘मला माहीत आहे’ ऐकून गप्प बसत नाही.

फोनवरून फोनवर जाणाऱ्या निरोपाचे गणित वेगळे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर गिरगावातला माणूस विरारच्या भावाला क्षणात जोडलेला असतो. ब्लूटूथला साधारण दहा मीटरच्या आतलाच शेजारी चालतो. अंतर न पाहता कोणीही कोणाशीही जोडलेला असेल, तर प्रत्येकाचे सरासरी एकाहून थोडे अधिक दुवे असले की मोठे जाळे तयार होते. फक्त जवळच्यांशीच जोडणाऱ्या जाळ्याचा विचार गिल्बर्ट यांनी १९६१ मध्ये केला; त्यात ही सरासरी सुमारे साडेचार लागते. तिच्या खाली निरोप लहान लहान बेटांत अडकतो.

संध्याकाळच्या विरार फास्टच्या डब्यात साडेचार शेजारी म्हणजे काहीच नव्हे. अडचण आहे ती डब्याबाहेर. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी थांबलेल्या लोकलच्या आत निरोप सहज फिरला असता, पण रुळांवरून घरापर्यंतच्या विरळ वाटेवर तो तुटला असता. तेथे फोनने निरोप साठवून ठेवायचा आणि पुढचा फोन टप्प्यात येताच द्यायचा, असा उपाय करतात. म्हणजे कुर्ल्याहून शीवपर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून, फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून चालत जाणारा माणूसच त्या जाळ्यातली तार ठरला असता, आणि निरोपाचा वेग त्याच्या पावलांएवढा.