रॉक बँडमध्ये वाजवणारी माणसं अजून रेकॉर्ड का गोळा करतात?

प्रश्न असा होता: "तुम्ही बँडमध्ये वाजवता. सगळं संगीत फोनवर आहे, तरी रेकॉर्डचे गठ्ठे कशाला? आवाज खरंच चांगला असतो, की नुसती मिरवायची हौस?"

आवाजाचं आधी उरकून टाकते, कारण भांडणं तिथेच होतात. मोजायला बसलात तर सीडी जिंकते. शांत जागा खरोखर शांत, बास हवा तितका खाली, पहिलं गाणं आणि शेवटचं गाणं एकाच दर्जाचं. रेकॉर्डला यातलं एकही धड जमत नाही. जुनी रेकॉर्ड कधीकधी कानाला बरी वाटते त्याचं कारण वेगळं आहे. नव्वदच्या दशकात सीडीवरचं प्रत्येक गाणं दाबून दाबून शेजाऱ्यापेक्षा मोठं करायची चढाओढ लागली आणि जुनी रेकॉर्ड त्याच्या आधीची असते. म्हणजे फरक मास्टरिंगचा, छपाईआधी आवाजावरून फिरवलेल्या शेवटच्या हाताचा, प्लॅस्टिकचा नाही. शौकिनांसाठी महागड्या रेकॉर्ड काढणारी मोबाइल फिडेलिटी नावाची अमेरिकन कंपनी आहे. मूळ टेप आणि रेकॉर्ड यांच्यामध्ये ती कित्येक वर्षं एक डिजिटल टप्पा घालत होती, हे 2022 मध्ये उघड झालं. "मला डिजिटल लगेच कळतं" म्हणणाऱ्या मंडळींना तो टप्पा तोवर ऐकू आला नव्हता. त्या दिवशी मी पोटभर हसले. मग कपाट उघडलं तर त्यांच्या दोन रेकॉर्ड माझ्याकडेही निघाल्या.

तरीही मी रेकॉर्ड गोळा करते. का, ते सांगायचं तर आधी हे सांगायला हवं की मी बास गिटार वाजवते.

शिकायला लागले तेव्हा शिक्षक नव्हता, मामाचा टर्नटेबल होता. गिटारवाले काय करायचे ते ठाऊक असेल: जुन्या टर्नटेबलवर मिनिटाला 16⅔ फेऱ्यांचा वेग असायचा. 33⅓ची एलपी, म्हणजे नेहमीची मोठी रेकॉर्ड, त्यावर लावली की वेग बरोबर निम्मा होतो आणि सगळं नेमकं एक सप्तक खाली येतं. सुसाट सोलो सुरासुरानं उचलता येतो. बासला हा उपाय लावून बघा, निव्वळ चिखल! आधीच खाली असलेले सूर आणखी खाली गेले की स्पीकरला पेलत नाहीत, कानालाही नाहीत. म्हणून मी उलटं करायचे. एलपी 45 वर लावायची. गायक पोपटासारखा किंचाळतो, पण बास गिटारच्या पाच घरांपेक्षा किंचित वर येतो आणि गर्दीतून एकदम बाहेर उभा राहतो. त्या किंचितमुळे तारा थोड्या चढवून घ्याव्या लागतात, तेवढं सोडा. कुठला सूर धरून ठेवलाय, कुठे बोटानं तार मुकी केलीय, सगळं दिसतं. 'दिसतं' हा शब्द चुकून नाही आला. सुई उचलून तीच जागा पुन्हा लावायची तर ती जागा डोळ्यांनीच शोधावी लागते.

रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरा. एका बाजूला एकच चर असतो, बाहेरून आत गोल गोल जाणारा. 20 मिनिटांची बाजू म्हणजे साडेसहाशेच्या वर फेरे, चर उलगडला तर चारशे मीटरहून लांब. आवाज म्हणजे त्या चराचं नागमोडी हलणं. उंच सूर बारीक थरथरतो, खालचा सूर मोठाली वळणं घेतो. वळण मोठं तर शेजारच्या फेऱ्यापासून अंतरही जास्त ठेवावं लागतं. म्हणून बास आणि ड्रम एकत्र कोसळतात तिथे पट्टा वेगळा चमकतो आणि गायक एकटा उरतो तिथला पट्टा गुळगुळीत, काळा दिसतो. गाणं कुठे फुटतं ते न ऐकता सांगता येतं.

म्हणजे बास जागा खातो. हे मी अलंकारिक बोलत नाही, मिलिमीटरमध्ये खातो. म्हणूनच रेकॉर्ड कापताना, म्हणजे मूळ तबकडीवर चर कोरताना, खालचे सूर मुद्दाम दाबतात, वरचे वाढवतात आणि ऐकताना सुईचा क्षीण आवाज मोठा करणारा फोनो प्रीअँप ते उलटं करून देतो. 1954 पासून त्याचं ठरलेलं प्रमाण आहे, आरआयएए कर्व्ह. टर्नटेबल थेट साध्या ॲम्प्लिफायरला जोडला की आवाज चिरका आणि पोकळ येतो तो याचमुळे. बास स्टिरिओत एका टोकाला फेकायचीही सोय नाही. डाव्या-उजव्यातला फरक सुईला वरखाली हलवतो आणि जाड बासनं ती वरखाली हलली की उडी मारते. बहुतेक रेकॉर्डवर बास मधोमध असतो, त्यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा सुईची भीती जास्त आहे.

संग्राहक लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या 1969 मधल्या दुसऱ्या अल्बमच्या एका विशिष्ट छपाईमागे धावतात, तिची गोष्ट याच दुखण्याची. ध्वनितंत्रज्ञ रॉबर्ट लडविगनं ती इतकी जोरदार कापली होती की स्वस्त टर्नटेबलवर सुई उडायची. मग कंपनीनं ती बेतानं पुन्हा कापून घेतली, असं सांगतात. पहिल्या प्रतींवर शेवटच्या गुळगुळीत कड्यात 'आरएल' ही अक्षरं कोरलेली आहेत. तेच गाणं, तेच वादन, पण कापणारा हात वेगळा. माझ्याकडे ती नाही. असती तर हे उत्तर लिहीत बसले नसते, ऐकत बसले असते.

आता खरी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी आमच्या बँडची रेकॉर्ड निघाली. सात गाणी, क्रम ठरलेला: पहिली बाजू संथ गाण्यानं उघडायची आणि सगळ्यात आडदांड गाण्यावर संपवायची. स्टेजवर तसंच वाजवतो, लोक तिथेच वेडे होतात. पहिली बाजू भरली 26 मिनिटं. कापणाऱ्या गृहस्थांचा निरोप आला: बाजू लांब आहे, सगळा आवाज खाली आणावा लागेल, आणि शेवटचं गाणं शेवटी ठेवू नका.

आम्ही चिडलो. क्रम म्हणजे आमचा जीव की प्राण, हा कोण सांगणारा! त्यांनी शांतपणे गणित मांडलं. तबकडी सारख्याच वेगानं फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटिमीटर चर जातो आणि लेबलाजवळ जेमतेम 21. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. तिथे झांजा फिस्कटतात, गायकाचा 'स' आणि 'श' थुंकीसारखा उडतो. आमच्या आडदांड गाण्यात ड्रमर हाय-हॅट, म्हणजे पायानं मिटायच्या जोडझांजा, बंदच करत नाही आणि ध्रुवपदात 'स' पाच वेळा येतो.

दोन आठवडे भांडलो. शेवटी एक गाणं दुसऱ्या बाजूला गेलं, आडदांड गाणं सुरुवातीला आलं आणि संथ गाणं, ज्यात बराच वेळ नुसती गिटार आणि मी, ते लेबलाजवळ जाऊन बसलं. बाजू 21 मिनिटांवर आली. मग मी घरातल्या एलपी काढून एकेक बाजू तपासत बसले, आणि काय सांगू, निम्म्याहून अधिक बाजू हळुवार गाण्यावर संपत होत्या! इतकी वर्षं मला वाटायचं, ही कलावंतांची भावनिक जाण. असेलही. पण त्यामागे 21 सेंटिमीटरही होते. अमेरिकन रॉक गिटारवादक जॅक व्हाइटनं 2014 मध्ये आपल्या एका अल्बमची एक बाजू आतून बाहेर वाजेल अशीच कापून घेतली आणि दोन्ही लेबलांखाली दोन गाणी लपवली, ते मला तेव्हा कुठे नीट कळलं.

मग चाचणीची प्रत आली. संथ गाण्याच्या शेवटी मी एक सूर लांब धरलाय. तो हेलकावे खात होता. ड्रमर म्हणाला, "हा इफेक्ट कधी टाकलास?" मी काही टाकलं नव्हतं. घड्याळ लावून पाहिलं, हेलकावा बरोबर 1.8 सेकंदांचा. 33⅓च्या वेगानं एक फेरा तेवढाच वेळ घेतो. म्हणजे मधलं भोक मध्यावर नव्हतं, तबकडी हाताला कळणार नाही इतकी एका अंगानं फिरत होती, आणि लेबलाजवळ तर ते आणखी ऐकू येतं. पुन्हा छापून घेतली. दोन महिने गेले. (त्या 1.8 सेकंदांतून एक मजेशीर गोष्ट निघते: चर स्वतःवरच बंद करून कायम फिरत राहणारा तुकडा करायचा आणि त्यात चार ठोके बसवायचे, तर मिनिटाला 133 ठोक्यांच्या आसपासच वाजवावं लागतं. अमेरिकन रॉक गायक लू रीडनं 1975 च्या 'मेटल मशीन म्युझिक' या गोंगाटी डबल अल्बमची चौथी बाजू अशीच बंद केली होती, उठून सुई उचलेपर्यंत संपतच नाही. तो मात्र ठोके मोजत बसला नव्हता.)

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. फोनवर गाणं म्हणजे फक्त गाणं येतं. रेकॉर्डवर ते कुणीतरी जागेच्या भांडणातून बसवलेलं असतं आणि ते भांडण हातात धरून बघता येतं. मी तेच बघायला गोळा करते. रॉकवाल्यांना हा नाद लागतो याचं दुसरं कारण घराण्याचं म्हणा. ऑक्टोबर 1961 मध्ये डार्टफर्ड स्टेशनवर कीथ रिचर्ड्सला लहानपणीचा ओळखीचा मिक जॅगर भेटला, तेव्हा मिकच्या काखेत चेस या अमेरिकन कंपनीच्या रेकॉर्ड होत्या, चक बेरी आणि मडी वॉटर्स या अमेरिकन गायक-गिटारवादकांच्या. इंग्लंडमध्ये त्या सहज मिळत नसत, त्यानं थेट शिकागोहून मागवलेल्या. बोलणं त्यांच्यावरून सुरू झालं, पुढे रोलिंग स्टोन्स झाले. पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँडनं 1994 मध्ये, सीडीची चलती असताना, आपला तिसरा अल्बम सीडीच्या दोन आठवडे आधी एलपीवर काढला. तेव्हा तो हट्ट वाटला असेल. अमेरिकेत 2022 मध्ये सीडीपेक्षा एलपी जास्त विकल्या गेल्या, 1987 नंतर पहिल्यांदा.

पण मिरवायची हौसही असते, नाही म्हणत नाही. सीलबंद प्रत विकत घेऊन ती न फोडता ठेवणारे लोक मला कळत नाहीत. रंगीत रेकॉर्ड दिसायला झकास, पण चरातला प्रकाश त्यात नीट वाचता येत नाही, म्हणून मी घेत नाही. कव्हरांवर मात्र मी भाळते. रोलिंग स्टोन्सच्या 1971 च्या कव्हरवर खरीखुरी झिप होती, कल्पना चित्रकार अँडी वॉरहॉलची. गठ्ठ्यात ठेवल्यावर ती झिप शेजारच्या रेकॉर्डमध्ये रुतून गाणं खराब करायची. मग झिप अर्धी उघडून पाठवायला लागले, म्हणजे खड्डा पडलाच तर लेबलावर पडेल. माझ्या प्रतीवर तो खड्डा आहे, लेबलावर, बरोबर जागी. कुणी म्हणेल खराब प्रत, मी म्हणते पुरावा.

तुम्ही घ्यायला निघालाच असाल तर दोन गोष्टी. जुनी प्रत कव्हरवरून पारखू नका, लेबलावरचं भोक बघा. टर्नटेबलच्या मधल्या खिळ्यावर चाचपडत ठेवताना भोकाभोवती बारीक रेघा उमटतात. रेघांचं जाळं असेल तर प्रत खूप वाजलेली आहे, मग चर कितीही चमको. ओरखड्यावरून नख हलकेच फिरवा, नखाला लागला तर सुईलाही लागणार. आणि टर्नटेबल कुठलाही घ्या, पण सुईचा दाब बदलता येईल असा घ्या. बहुतेक सुयांना दोन ग्रॅमच्या आसपास पुरतो. सुटकेससारखे खेळणीवजा प्लेअर कित्येकदा त्याच्या दुप्पट दाबानं चर किसत असतात. बाकी रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, आणि उन्हात तर मुळीच नको.

एक राहिलंच. शेवटच्या गुळगुळीत कड्यात काय कोरू, असं आम्हाला त्या गृहस्थांनी विचारलं होतं. ड्रमरनं माझी खोडी काढायला कागदावर लिहून पाठवलं: 'बासला जागा द्या'. त्यांना देवनागरी येत नव्हती, त्यांनी कागदाकडे बघत एकेक अक्षर चित्रासारखं काढलं. अक्षरं बरोबर आहेत. शिरोरेखा कुठे थांबवायची ते मात्र त्यांना कळलं नसावं, ती लेबलाभोवती पूर्ण फेरा मारून पुन्हा 'बा'ला येऊन मिळालीय.