अडून बसलेला ऑईल फिल्टर: स्क्रूड्रायव्हर ठोकण्याआधी

तुमची अडचण मला कळली ती अशी: घरीच सर्व्हिसिंग करायला घेतलंय, फिल्टर इंजिनाच्या मागच्या अंगाला, फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) बाजूच्या अरुंद फटीत आहे. वरून बोटांची टोकंच पोहोचतात, खालून कसाबसा एक हात जातो. पट्ट्याचा पाना घसरतोय, फिल्टरचा डबा एका बाजूने जरा चेपलाय आणि कुणीतरी 'स्क्रूड्रायव्हर आरपार ठोक आणि फिरव' असं सांगितलंय. ऑईल अजून काढलेलं नाही.

हे शेवटचं वाचून बरं वाटलं. ते तसंच राहू द्या. बहुतेक जण आधी ड्रेन नट (इंजिनाच्या तळाचा, ऑईल काढायचा नट) उघडतात आणि मग फिल्टरशी झटापट करतात. फिल्टर निघालाच नाही तर गाडी ऑईलविना जागेवर अडकते. जिथे फिल्टर अवघड जागी असतो तिथे क्रम उलटा ठेवावा: आधी फिल्टर नुसता हलतो का ते पाहायचं, हलला की मगच ऑईल काढायचं. तुमचा डबा चेपलाय पण गळत नाहीये, म्हणजे अजून सगळे रस्ते खुले आहेत. अगदीच नाही जमलं तर गाडी चालवत गॅरेजला नेता येईल. स्क्रूड्रायव्हर आत गेला की तो रस्ता बंद, कारण इंजिन चालू असताना ऑईल दाबाखाली फिल्टरमधूनच जातं. भोक पडलेल्या फिल्टरवर गाडी सुरूसुद्धा करायची नाही.

आता ताकदीबद्दल. फिल्टर निघत नाही म्हणून माणूस जास्त जोर लावतो, पण अशा जागी जोर कमी पडलेला नसतोच, पकड आणि कोन चुकलेला असतो. साधा हिशोब बघा. 25 सेंटीमीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण 10 किलोचा जोर लावला तर 25 न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ मिळतो. बोटांच्या टोकांनी डबा धरून लावलेला जोर त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. म्हणजे दांडा हवा, आणि दांडा फिरायला जागा हवी. तेव्हा आधी हत्यार शोधू नका, वाट शोधा.

वाटा तीन. वरून एअर फिल्टरची पेटी आणि तिची नळी काढली तर बऱ्याच गाड्यांत हातभर जागा मोकळी होते. खालून इंजिनाखालचं प्लास्टिकचं आवरण काढून. आणि तिसरी वाट, जी लोक विसरतात: चाकाच्या कमानीतून. पुढचं चाक काढलं, आतल्या प्लास्टिक अस्तराच्या चार-दोन क्लिपा सोडवून ते बाजूला वाकवलं, की आडव्या बसवलेल्या इंजिनांत पुष्कळदा फिल्टर थेट समोर दिसतो. तिथून रॅचेटला (न काढता मागेपुढे हलवत फिरवायच्या पान्याला) लांब एक्स्टेंशन आणि मध्ये लवचिक सांधा लावला तर दांडा मोकळ्या जागेत फिरतो. क्लिपा तुटण्याच्या भीतीने लोक या वाटेला जात नाहीत. मी मात्र अडलेल्या फिल्टरला पहिली हीच वाट बघतो.

चाक काढणार किंवा खाली जाणार असाल तर एक गोष्ट वाद न घालता पाळा. गाडीसोबत येणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. सपाट, कडक जमिनीवर गाडी जॅक स्टँडवर, म्हणजे वजन पेलणाऱ्या लोखंडी टेकूंवर, टेकवा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा आणि आत शिरण्याआधी गाडी हातांनी जोरात हलवून पाहा. साध्या ऑईल बदलात गाडीला धक्का बसत नाही, पण अडलेल्या फिल्टरला तुम्ही हिसके देणार आहात. ते हिसके थेट गाडीला बसतात.

दुसरं, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. मागच्या बाजूच्या फिल्टरजवळ पुष्कळदा स्टार्टर मोटर किंवा अल्टरनेटर असतो. त्यांच्या जाड तारेचं टोक चावी बंद असतानाही थेट बॅटरीला जोडलेलं असतं. लोखंडी साखळीचा पाना एका बाजूने त्या टोकाला आणि दुसऱ्या बाजूने इंजिनाला लागला तर ठिणगी, भाजलेला हात आणि वितळलेलं टोक हे सगळं एका क्षणात होतं.

इंजिन किती गरम असावं यावर मतं वेगळी आहेत. कोमट इंजिनात ऑईल पातळ होतं आणि रबरी गॅस्केट (फिल्टर आणि इंजिन यांच्यामधली गळती रोखणारी कडी) जरा सैल पडतं हे खरं. पण फिल्टरशेजारी सायलेन्सरचा पाईप असेल तर तो कोपरापर्यंत भाजून काढतो. गाडी उचलण्याआधी आणि बॅटरीची तार काढण्याआधीच इंजिन काही मिनिटं चालवून बंद करा आणि फिल्टरवर हात आरामात टेकवता येईल, पाईपजवळ नेलेल्या हाताला झळ लागणार नाही, इतका वेळ थांबा.

हत्यार. पट्टा घसरतो याची दोन कारणं: डब्यावर तेलकट थर, आणि पट्टा चुकीच्या जागी. आधी डबा ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करा. पट्टा बंद टोकाकडे किंवा मध्यावर लावू नका, तिथला पत्रा पातळ आणि पोकळ आहे, म्हणूनच तुमचा डबा चेपला. इंजिनाला टेकणाऱ्या बाजूला आत जाड लोखंडी चकती असते, तिथे डबा सर्वांत ताठ असतो. पट्टा शक्य तितका त्या बाजूला सरकवा आणि खाली काचपेपरची एक पट्टी, खरखरीत बाजू डब्याकडे करून, घाला. बरेच फिल्टर एवढ्यावरच सुटतात.

नाही सुटला तर कप. फिल्टरच्या बंद टोकावर कडेने खाचा असतात, त्यावर नेमका बसणारा टोपीसारखा सॉकेट मिळतो. अरुंद जागेसाठी याच्याइतकं चांगलं हत्यार नाही, पण अट एकच: व्यास आणि खाचांची संख्या दोन्ही जुळली पाहिजेत. 'जवळजवळ बसतो' असा कप खाचा गोल करून टाकतो. तीन नखांचा पानाही चालतो, तो जितका फिरवावा तितका घट्ट आवळतो. मात्र त्याला डब्याभोवती नखं उघडण्यापुरती मोकळी जागा लागते, आणि तुमच्या फटीत ती वरून तरी दिसत नाही.

एकदा दिशाही तपासा, हसू नका. फिल्टर बंद टोकाकडून पाहिला तर घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. पण डबा खाली लोंबत असेल आणि तुम्ही बोनेटमधून वरून बघत असाल, तर तुम्ही त्याच्या इंजिनाकडच्या बाजूने बघताय. तिथून सुटण्याची दिशा घड्याळाप्रमाणेच दिसेल. अडलेले कित्येक फिल्टर खरं तर आणखी आवळले जात असतात. मार्करने डब्यावर बाण काढून ठेवा. हिसका छोटा आणि ठाम द्या, दांडा सतत ओढून धरू नका.

हलला? आता थांबा, ऑईल काढून घ्या, नवं वॉशर लावून ड्रेन नट बसवा, मग फिल्टर उतरवा. आडव्या फिल्टरमध्येही बरंच ऑईल उरलेलं असतं. डब्याभोवती प्लास्टिकची जाड पिशवी ओढून आतच फिरवलात तर ते सायलेन्सरवर किंवा बेल्टवर सांडत नाही. सांडलंच तर गाडी सुरू करण्याआधी पुसा. गरम पाईपवरच्या ऑईलचा धूर होतो आणि पेटूही शकतं.

स्क्रूड्रायव्हर अगदी शेवटी, म्हणजे कप, पट्टा आणि चाकाच्या कमानीची वाट हे सगळं करून झाल्यावर. तेव्हाही बंद टोकाजवळ ठोकू नका, पत्रा कागदासारखा फाटत जातो. इंजिनातून फिल्टरमध्ये शिरणारी आट्यांची नळी लागणार नाही एवढं अंतर सोडून, पण ताठ बाजूच्या जवळ ठोका. त्या नळीचे आटे खराब झाले तर नवा फिल्टर कशावर बसवणार? डबा फाटून नुसती चकती उरली तर तिच्या कडेला छिन्नी तिरकी लावून हलके हलके फिरवत आणतात, पण बोथट छिन्नी सरकून इंजिनाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडा पडला की तिथून कायम गळती. तुमच्या फटीत हातोडी उचलायलाच जागा नसेल, तर हा प्रयोग करू नका, गॅरेज गाठा.

बसवताना जे चुकतं त्यामुळेच पुढच्या वेळी फिल्टर अडतो. जुन्या फिल्टरला त्याचं रबरी गॅस्केट चिकटलेलं आहे ना ते बघा. नसेल तर ते इंजिनावर राहिलंय. दिसत नसेल तर बोट फिरवून काढा. दोन गॅस्केट एकावर एक बसली तर इंजिन सुरू होताच दाबाने ऑईल बाहेर फेकलं जातं. पृष्ठभाग पुसा, नव्या गॅस्केटला बोटाने ताजं ऑईल लावा. कोरडं रबर आवळताना मुरगळतं आणि पुढे उष्णतेने चिकटून बसतं. आधी हाताने आटे लावा, तिरके चढत असतील तर पुन्हा सुरुवात करा. गॅस्केट टेकल्यावर डब्यावर खूण करून साधारण पाऊण फेरा, किंवा डब्यावर छापलंय तेवढं. हात पुरत नसेल तर कप लावा, पण तो बोटांनी फिरवा, रॅचेटने नको. प्लास्टिकच्या टोपीत कागदी फिल्टर असलेली इंजिनं वेगळी. तिथे नवी ओ-रिंग (गोल रबरी कडी) घालायची आणि टोपीवर लिहिलेला आकडा, पुष्कळदा 25 न्यूटन-मीटर, टॉर्क पान्याने (पीळ मोजून आवळणाऱ्या पान्याने) पाळायचा.

ऑईल भरा, बॅटरी जोडा, इंजिन सुरू करा. ऑईलच्या दाबाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद. मिनिटभर चालवून खाली टॉर्च मारून बघा, बंद करून थोडा वेळ थांबा आणि मगच डिपस्टिक पाहा, कारण रिकामा फिल्टर भरताना पातळी खाली जाते. जुनं ऑईल एखाद्या रिकाम्या कॅनमध्ये भरून ते घेणाऱ्याकडे द्या, गटारात नको, आणि हातमोजे घालाच.

आता मला एवढं कळवा: तुमच्या डब्याच्या बंद टोकाला खाचा आहेत का, किती आहेत, आणि तिथला व्यास किती मिलिमीटर. नवा फिल्टर हातात असेल तर त्याच्यावरच मोजा, पण दोन्ही एकाच बनावटीचे आहेत याची खात्री करून. मग कुठला कप लागेल ते सांगतो.