घरातील मृत्यू आणि पाळीव कुत्र्यामुळे सावरणारे कुटुंब यांवर पुण्यात कमी खर्चात चित्रपट करायचा आहे. तो खोटा वाटू नये म्हणून काय करावे?

रडणाऱ्या माणसाच्या मांडीवर कुत्र्याला डोके ठेवायला लावू नका, हे माझे पहिले सांगणे. अशा चित्रपटांत प्राण्याला सारे काही समजते आणि शेवटी तो मरतो. दोन्ही गोष्टी केवळ प्रेक्षकाला रडवण्यासाठी योजलेल्या असतात. मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’मधील (२००८) बैलाला असे काहीच करावे लागत नाही. तो जखमी आहे आणि त्याला खाटकाला विकण्याची वेळ आली आहे, एवढ्यावर टिंग्या या शेतकऱ्याच्या लहान मुलाचे दुःख उभे राहते.

माझे वडील गेले तेव्हा आमच्याकडे खंड्या नावाचा गावठी कुत्रा होता. वडील त्याला रोज पहाटे कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडीवर नेत असत. सुतकाचे दिवस चालू असताना घर नातेवाइकांनी भरले, खंड्याला गच्चीवर बांधण्यात आले आणि थोरल्या काकांनी त्याला मुळशीकडे एका ओळखीच्या शेतावर सोडण्याचे परस्पर ठरवूनही टाकले. वहिनींना आता विश्रांती हवी, जनावराची उस्तवार कोण करणार, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु घरात घाण न करण्याची सवय असलेला कुत्रा पहाटे ओरडू लागला की कोणाला तरी उठावेच लागते, आणि तेराव्यानंतर एका पहाटे आईच साखळी हातात घेऊन निघाली. खंड्याने तिला वडिलांच्या नेहमीच्या वाटेने वर नेले. तिथे रोज फिरायला येणारी माणसे तिला ओळखत नव्हती, खंड्याला ओळखत होती; ती थांबून विचारू लागली, “साहेब बरेच दिवस दिसले नाहीत?” “ते गेले,” हे शब्द आईने प्रथम तिथे उच्चारले, कारण घरी सगळ्यांना कळवण्याचे काम आम्ही मुलांनीच फोनवरून उरकले होते. पुढे तीच माणसे तिला वडिलांविषयी सांगू लागली. ते उन्हाळ्यात पाण्याचा कॅन वर नेऊन लहान रोपांना पाणी घालत, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. आई ते घरी येऊन सांगे, आणि त्यातून वडिलांचे नाव घरात पुन्हा निघू लागले.

काका आजही म्हणतात की काळ हेच औषध. मला ते मान्य नाही. काळ आम्हा सर्वांसाठी सारखाच जात होता, तरी वडिलांविषयी प्रथम बोलू लागली ती रोज घराबाहेर पडणारी आईच. नवरा गेलेल्या बाईला चार भिंतींत बसवून ठेवायचे आणि त्याला विश्रांती म्हणायचे, हे मला क्रूर वाटते.

म्हणून तुमच्या कथेत कुत्र्याचे खाणे, फिरवणे आणि त्यामुळे होणाऱ्या भेटी सविस्तर लिहा. सांत्वन करणारे काका असतील तर त्यांचे म्हणणेही पूर्ण मांडा. नटाला आधीपासून ओळखणारा कुत्रा घेतलात तर चित्रीकरणाचे दिवस वाचतील. मात्र चित्रपटात प्राणी वापरण्यासाठी २००१ च्या नियमांनुसार भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणापूर्वीच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्राच्या वेळी सेन्सॉर मंडळ या प्राणी कल्याण मंडळाचा दाखला मागते, हे वेळापत्रकात आधीच धरा. आणखी एक: आईला चालण्याची ताकद होती आणि कुत्रा घरचाच होता. ज्या घरात कोणी जेवत वा झोपत नाही, तिथे सांत्वनासाठी नवे पिल्लू आणून ठेवू नये, त्या माणसाला डॉक्टरांकडे न्यावे. तुमच्या चित्रपटानेही याहून वेगळे सुचवू नये.