‘परवाना’ म्हणजे नेमकं काय? परवानगीपेक्षा तो वेगळा कसा?

परवाना म्हणजे ठरावीक काम करायला सरकारने किंवा अधिकृत संस्थेने दिलेली लेखी मुभा. शब्द मूळचा फारसी. सरकारी कागदांत ‘अनुज्ञप्ती’ असंही लिहितात.

परवानगी तोंडीही चालते. लवकर घरी जायचं असेल तर साहेबांची परवानगी घेतो, परवाना नव्हे. परवान्यावर नाव, क्रमांक, मुदत, अटी असं सगळं असतं. म्हणूनच तो रीतसर काढावा लागतो, मुदत संपली की नूतनीकरण, अटी मोडल्या तर निलंबित किंवा थेट रद्द. वाहन चालवण्याचा, शस्त्राचा, औषधविक्रीचा परवाना हे नेहमीचे वापर. बोलण्यात तो लाक्षणिक अर्थानेही फार नेमका बसतो: ‘मोठा झालास म्हणून उलट बोलायचा परवाना मिळाला का?’

उर्दू शायरीतला परवाना मात्र ज्योतीवर झेपावणारा पतंग. तो अर्थ इथे लावू नका.