क्राकूवमधले सण आणि शाकाहारी माणसाचे ताट

पोलंडमध्ये शिकायला जाणाऱ्या हिंदू आणि शाकाहारी विद्यार्थ्याने तिथल्या धार्मिक सणांत सहभागी व्हावे का, आणि झाल्यास त्याला खायला काही मिळते का, असे आपण विचारले आहे. मी पदव्युत्तर शिक्षणासाठी दोन वर्षे क्राकूवमध्ये राहिले. मी अंडी खाते, मांस आणि मासे खात नाही. माझ्या अनुभवावरून सांगते, अवश्य सहभागी व्हावे. मात्र त्यासाठी कोणाच्या तरी घरी जायला हवे, कारण तिथले मोठे सण आपल्या गणपतीसारखे चौकात येत नाहीत. ते घरात, चर्चमध्ये आणि दफनभूमीत साजरे होतात, आणि वसतिगृहात राहणाऱ्याला त्यांची खूण बंद दुकानांवरूनच पटते.

पहिल्या वर्षी माझे तसेच झाले. २४ डिसेंबरला दुपारनंतर दुकाने बंद झाली, वसतिगृह रिकामे झाले, आणि २५ व २६ डिसेंबर या दोन्ही दिवशी सुट्टी असल्यामुळे मी तीन दिवस मुगाच्या खिचडीवर काढले. (२०२५ पासून २४ डिसेंबरलाही कायद्याने सुट्टी असते, तेव्हा किराणा आदल्या दिवशीच भरून ठेवावा.) संध्याकाळी समोरच्या इमारतीत प्रत्येक खिडकीआड टेबलाभोवती माणसे बसलेली दिसत होती आणि मला घरची फार आठवण येत होती. सुट्टीनंतर वर्गातल्या मैत्रिणीने विचारले, "मग बोलली का नाहीस?" मी बोलावण्याची वाट पाहत होते, आणि वेगळ्या धर्माच्या मुलीला बोलावले तर तिला अवघड वाटेल या संकोचाने ती गप्प राहिली होती. म्हणून माझे पहिले सांगणे हे की, तुमचा सण मला पाहायचा आहे, असे आपणहून म्हणावे.

दुसऱ्या वर्षी मी तिच्याबरोबर तार्नूवजवळच्या तिच्या गावी गेले. नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या जेवणाला तिथे 'विगिल्या' म्हणतात. परंपरेने तो उपवासाचा दिवस, त्यामुळे त्या जेवणात मांस नसते. आपल्याकडे संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहतात, तशी तिथे आकाशात पहिला तारा दिसण्याची वाट पाहतात, आणि हे काम घरातल्या लहान मुलांकडे असते. टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली येशूच्या गोठ्याची आठवण म्हणून थोडे वाळलेले गवत पसरलेले असते. ताट सरकवले की ते हाताखाली हलके करकरते. शिवाय एक ताट जास्तीचे मांडतात, अवचित आलेल्या पाहुण्यासाठी. मला वाटले ते माझ्यासाठी असावे. पण माझी जागा आजीशेजारी ठरलेली होती, आणि ते ताट शेवटपर्यंत तसेच मांडलेले राहिले.

त्या दिवसाचा खरा आनंद मला दुपारीच स्वयंपाकघरात मिळाला. मैत्रिणीची आजी, जिला सगळे 'बाब्चा' म्हणत, प्येरोगी करत होती. गरम पाण्यात भिजवलेल्या मैद्याची पोळी लाटायची, काचेचा पेला उपडा दाबून तिच्या गोल चकत्या पाडायच्या, मधोमध आंबवलेली कोबी आणि रानातल्या सुक्या अळंब्यांचे सारण ठेवायचे आणि कडा दाबून अर्धचंद्र मिटवायचा. मला पोलिश जेमतेम येत होते आणि आजीला इंग्रजी अजिबात येत नव्हते. मी एक चकती हातात घेतली आणि दिवाळीत आईबरोबर करंजीला घालते तशी तिला मुरड घातली. आजींनी ती प्रकाशात धरून पाहिली, मग स्वतःची एक उचलून तशीच मुरड घातली आणि दोन्ही ताटात शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांनाही मुरड येत होती. घाईच्या दिवशी त्या नुसत्या कडा दाबत. पुढचा तासभर आम्ही दोघी न बोलता मुरड घालत बसलो. परदेशात इतके घरचे मला त्याआधी कुठेच वाटले नव्हते.

जेवणापूर्वी 'ओप्वातेक' वाटून घेतात. पोस्टकार्डाएवढा, पापुद्र्यासारखा पातळ आणि पांढरा, वर येशूजन्माचे चित्र उमटवलेला हा पापडीसारखा पदार्थ प्रत्येकाच्या हातात असतो. दुसऱ्याच्या पापडीचा तुकडा मोडून खायचा आणि त्याला मनापासून शुभेच्छा द्यायच्या, असे घरातल्या प्रत्येकाबरोबर करायचे. संक्रांतीला तिळगूळ देताना आपण रुसवे सोडतो, ती भावना इथेही आहे. हा ओप्वातेक कोणत्याही धर्माच्या पाहुण्याने खाल्ला तरी चालते. मात्र मध्यरात्रीच्या प्रार्थनेला, म्हणजे 'पास्तेर्का'ला, चर्चमध्ये गेल्यास तिथे धर्मगुरू जो प्रसाद देतात तो घेऊ नये. कॅथलिकांच्या श्रद्धेने तो अत्यंत पवित्र असतो आणि त्यांच्यापुरताच असतो. लोक रांगेत पुढे जातात तेव्हा आपण आपल्या जागी शांत बसावे. कोणी वाईट मानत नाही. मी बसले होते, आणि त्या थंडीत साऱ्या गावाने एकसुरात म्हटलेली नाताळची गीते ऐकली.

आता ताटाविषयी. विगिल्याला बारा पदार्थ करण्याची प्रथा आहे. मांस नसले तरी मासे असतात: तळलेला कार्प, खारवलेला हेरिंग. पोलंडमध्ये 'उपवासाचे' म्हणजे मासे चालणारे, त्यामुळे 'मी शाकाहारी आहे' एवढे सांगणे पुरत नाही. 'बेझ म्येंसा इ रिब', म्हणजे मांस आणि मासे दोन्ही नकोत, असे आधीच सांगून ठेवावे. इतके करूनही माझे ताट भरलेले होते. बिटाचे बार्श्च तर मी आजही करते: बिटाचे तुकडे, लसूण, तमालपत्र आणि मिठाचे पाणी बरणीत घालून आठवडाभर आंबवतात, आणि त्या पाण्याचे कोकमाच्या सारासारखे लालबुंद, आंबट, पातळ सार करतात. त्यात अळंब्यांच्या सारणाचे, कानाच्या आकाराचे इवलेसे उंडे सोडतात. त्यांचे नावही 'उश्का', म्हणजे लहान कान. शिवाय वाटाणे घातलेली कोबी आणि काळसर खसखस, मध व मनुका घातलेल्या शेवया असतात. धुरावर सुकवलेल्या आलुबुखाऱ्याचे गार पाणी मात्र मला पहिल्या घोटाला जमले नाही. त्याला चुलीजवळच्या धुराचा वास येतो. दुसऱ्या दिवशी मी ते मागून घेतले.

इतर दिवशी जास्त सावध राहावे लागते. उपाहारगृहातल्या बटाटा आणि पनीरसारख्या चीजच्या प्येरोगींवर पुष्कळदा डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे पसरतात. ईस्टरपूर्वीचा उपवासाचा काळ सुरू होण्याआधीच्या गुरुवारी सगळे शहर गुलाबाचा मुरंबा भरलेली 'पाँच्की' खाते, आणि ती पारंपरिक पद्धतीने चरबीत तळलेली असू शकतात, म्हणून दुकानात विचारूनच घ्यावीत. ईस्टरला तर मांसाचाच मान असतो. तरी आदल्या शनिवारी अंडी, पाव, मीठ आणि लोण्याचे कोकरू ठेवलेल्या टोपल्या घेऊन लोक चर्चमध्ये आशीर्वादासाठी जातात, ते जरूर पाहावे. सोमवारी एकमेकांवर पाणी उडवतात. रंगपंचमी खेळलेल्याला त्यात काही शिकावे लागत नाही.

सर्वांत खोल ठसा उमटला तो १ नोव्हेंबरचा. त्या दिवशी प्रत्येक कुटुंब आपल्या माणसांच्या कबरींवर जाते. क्राकूवच्या राकोवित्स्की दफनभूमीकडे जादा ट्राम सोडतात, दाराशी फुले, मेणाचे दिवे आणि जळक्या साखरेत सुकामेवा घातलेली कडक वडी विकतात. अंधार पडल्यावर हजारो दिवे काचेच्या भांड्यांतून मंद जळत असतात आणि लोक हळू आवाजात बोलत चालतात. ज्या कबरीला कोणी उरलेले नाही, तिथेही कोणीतरी दिवा ठेवून जाते. त्या दिवशी जिथेतिथे शेवंती असते, आणि म्हणूनच कोणाच्या घरी जाताना शेवंतीचा गुच्छ कधीही नेऊ नये. आपल्याकडे पूजेला लागणारे हे फूल तिथे कबरीवरचे आहे. दुसरी फुले न्यावीत, आणि तीही विषम संख्येने, कारण सम संख्येची फुले अंत्यविधीची मानतात.

मी मूळची कोल्हापूरची. दुसऱ्या महायुद्धात निर्वासित झालेले सुमारे ५००० पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथल्या छावणीत राहिले होते, आणि त्यांच्यापैकी जे तिथेच वारले त्यांच्या कबरी शहराच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. महावीर उद्यानातला त्यांचा स्मारकस्तंभ मी लहानपणापासून पाहत आले होते, पण कबरींकडे कधी गेले नव्हते. परत आल्यावर पहिल्या १ नोव्हेंबरला वडिलांना बरोबर घेऊन गेले. मेणाचे दिवे मिळाले नाहीत, म्हणून पणत्या नेल्या. फुले घेताना मात्र शेवंतीच मागितली.